ग्रीनबेल्ट मोकळा केला की घरं स्वस्त होतील? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरतोय. थोडक्यात त्यात असं म्हटलंय: प्रांत सरकारने दहा वर्षांत 15 लाख घरं बांधायचं ठरवलं, पण हॅमिल्टन, हाल्टनसारख्या ठिकाणच्या, आपलं घर आधीच झालेल्या लोकांनी ते हाणून पाडलं. बांधायला जमीनच उरली नाही म्हणून घरं महाग आहेत. शेतजमीन आणि ग्रीनबेल्ट (टोरंटोच्या आसपासचा, बांधकामापासून राखलेला शेतांचा आणि जंगलांचा पट्टा) मोकळा केला की भाव उतरतील. विरोध करणारे मूठभर आहेत, आणि त्यांना खरं तर आपल्यासारखे बाहेरून आलेले शेजारी नको आहेत. शिवाय कायद्याने प्रांताचाच शब्द शेवटचा, तेव्हा शहरांनी गप्प बसावं.

मला हा मेसेज माझ्या भाच्याने पाठवला. तो आणि त्याची बायको ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहतात. दोघं नोकरी करतात, डाउन पेमेंटसाठी पैसे बाजूला टाकतात आणि तरी ते पुरत नाहीत. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, "मावशी, बघ, यांच्यामुळे आम्हाला घर मिळत नाही." त्याचा राग मला कळतो. पण तो राग भलत्याच माणसांकडे वळवला जातोय, आणि ते मला सहन होत नाही.

"जमीन उरली नाही" हे आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. हा 15 लाखांचा आकडा आला सरकारनेच घरांच्या प्रश्नावर नेमलेल्या टास्क फोर्सच्या, म्हणजे समितीच्या, फेब्रुवारी 2022 च्या अहवालातून. तिचे अध्यक्ष जेक लॉरेन्स बँकिंग क्षेत्रातले. सदस्यांमध्ये बिल्डरांच्या आणि रिअल इस्टेट एजंटांच्या संघटनांचे प्रमुख होते. म्हणजे शेती वाचवायला निघालेल्या कार्यकर्त्यांची ही समिती नव्हे. तिने स्पष्ट लिहिलंय की जमिनीची टंचाई हे या प्रश्नाचं कारण नाही. वसलेल्या भागांत जमीन आहे आणि ग्रीनबेल्टच्या बाहेर मोकळी जमीनही आहे. ग्रीनबेल्ट जपला पाहिजे, हेही त्याच अहवालात आहे. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला आकडा तेवढा उचलला आणि त्याच्या शेजारचं वाक्य सोडून दिलं.

मग जमीन मोकळी केल्यावर काय होतं? तेही आपण पाहिलंय. नोव्हेंबर 2022 मध्ये 50,000 घरांचं कारण देऊन ग्रीनबेल्टमधल्या 15 जागा, सुमारे 7,400 एकर, बाहेर काढायचा प्रस्ताव आला आणि महिन्याभरात तो अमलातही आला. ऑगस्ट 2023 मध्ये प्रांताच्या महालेखापाल बॉनी लायसिक यांचा अहवाल आला. या निर्णयाने त्या जमिनींच्या मालकांचा 8.3 अब्ज डॉलरहून जास्त फायदा होऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. तोवर त्या जमिनींवर एकही घर उभं राहिलं नव्हतं. एक जागा सोडली तर बाकी सगळ्या गृहनिर्माण मंत्र्यांच्या कार्यालयाच्या प्रमुखाने पुढे केल्या होत्या. एकूण क्षेत्रापैकी सुमारे 92 टक्के क्षेत्र ज्या पाच जागांचं होतं, त्यांची मागणी दोन बिल्डरांकडून आली होती. डरहम, हॅमिल्टन आणि यॉर्क इथल्या मुख्य नियोजकांनी महालेखापालांना सांगितलं की घरांचं लक्ष्य गाठायला या जमिनीची गरजच नव्हती.

भाव उतरणार कसा, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. शेतीच्या भावाने घेतलेली जमीन एका सहीने घरबांधणीच्या भावाची झाली. तो फरक मालकाच्या खिशात जाणार. तिथे उद्या घर बांधलं तरी ते बाजारभावानेच विकलं जाणार, आणि भाव पडू लागले की बिल्डर बांधकाम पुढे ढकलणार. 2022 च्या मार्चपासून 2023 च्या जुलैपर्यंत बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर 0.25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेला आणि नवी बांधकामं मंदावली. हॅमिल्टनच्या लोकांनी तर व्याजदर वाढवला नव्हता. शिवाय शेतात वसाहत उभी करायची तर पाणी, सांडपाणी, रस्ते, बस सगळं नव्याने न्यावं लागतं. त्यातला काही खर्च शहराच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये येतो आणि भाडेकरूही तो भाड्यातून भरतो.

"मूठभर विरोधक" म्हणजे किती? 2021 मध्ये हॅमिल्टन पालिकेने घराघरांत सर्वेक्षणाचे कागद पाठवले. 18,387 उत्तरं आली आणि त्यातल्या 90.4 टक्के लोकांनी शहराची बांधकामाची हद्द शेतजमिनीत वाढवू नका असं कळवलं. उत्तर पाठवणारे बहुधा आधीच त्या बाजूचे असणार, आणि साडेपाच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात हा आकडा लहानच आहे, हे मान्य. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकनियुक्त काउन्सिलनेही 13 विरुद्ध 3 मतांनी तेच ठरवलं. पालिकेच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांची शिफारस हद्द वाढवण्याची होती, तरीही. प्रांताने वर्षभराने तो निर्णय फिरवून शहराच्या हद्दीत सुमारे 2,200 हेक्टर जमीन घातली. अधिकाऱ्यांनी सुचवली होती त्याहून ती कितीतरी जास्त होती.

कायद्याचं म्हणाल तर बरोबर आहे. 1867 च्या राज्यघटनेपासून नगरपालिका प्रांताच्या अखत्यारीत आहेत. पण ज्या सरकारला हा अधिकार होता, त्यानेच दोन्ही निर्णय मागे घेतले. गृहनिर्माण मंत्री स्टीव्ह क्लार्क यांनी राजीनामा दिला. 21 सप्टेंबर 2023 रोजी प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी ग्रीनबेल्ट मोकळा करणं ही चूक होती असं जाहीरपणे कबूल केलं, आणि पुढच्याच महिन्यात नवे गृहनिर्माण मंत्री पॉल कॅलँड्रा यांनी हॅमिल्टन, हाल्टन वगैरे ठिकाणच्या हद्दींचे बदलही रद्द करत असल्याचं सांगितलं.

आता मेसेजमधलं जे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करायला हवं. घर झालेले लोक नव्या घरांना आडवे येतात, हे खरं आहे. टोरंटोत घरांसाठी राखलेल्या जमिनीपैकी अंदाजे 70 टक्के जमिनीवर फक्त स्वतंत्र किंवा जोडघरच बांधता येतं, असं त्याच टास्क फोर्सने लिहिलं होतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मिसिसॉगाच्या काउन्सिलमध्ये एका प्लॉटवर चार घरांना परवानगी देण्याचा ठराव समसमान मतांमुळे पडला, आणि महापौरांना खास अधिकार वापरून तो मंजूर करावा लागला. रहदारी वाढेल, गाड्या कुठे लावणार, गल्लीची रया जाईल, ही कारणं मी आपल्या लोकांच्या तोंडूनही ऐकली आहेत. पण हा विरोध वेगळा. तो वस्तीच्या आतल्या घरांना आहे, आणि माझ्या भाच्याला तिथेच घर परवडू शकलं असतं. ज्या हॅमिल्टनने शेतजमिनीला नाही म्हटलं, त्याच हॅमिल्टनने 2022 च्या ऑगस्टमध्ये जुन्या घरांत चारपर्यंत घरं करायला मुभा दिली. दोन्ही विरोधांना एकाच नावाने झोडपणं हा खोटेपणा आहे.

"त्यांना आपण नको आहोत" हे वाक्य सगळ्यात घातक आहे. असे लोक असतील, आहेतही. पण वस्तीत चार घरं होऊ द्या म्हणणारा माणूस नव्या शेजाऱ्यांनाच जागा मागतोय. आपल्या लोकांच्या मनात भीती घालून त्यांना मोठ्या जमीनमालकांच्या बाजूने उभं करायचं, एवढाच त्या वाक्याचा उपयोग आहे.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं की, ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नव्या प्रांतिक धोरणाने जमीनमालकांना हद्द वाढवण्यासाठी स्वतः, केव्हाही अर्ज करता येतो, आणि त्याच वर्षी बदललेल्या कायद्यामुळे काउन्सिलने नाकारलं तर प्रांताच्या लवादाकडे अपीलही करता येतं. म्हणजे शहरांच्या हद्दीबाहेरची तीच शेतं पुन्हा पणाला लागली आहेत. तेव्हा मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी आपल्या वॉर्डच्या काउन्सिलरला दोन प्रश्न विचारा: आपल्या गल्लीत एका प्लॉटवर चार घरं करायला तुमचा पाठिंबा आहे का, आणि हद्दवाढीच्या अर्जावर तुम्ही कुणाच्या बाजूने मत देणार? मी माझ्या काउन्सिलरला लिहिलंय. भाच्यालाही पत्ता पाठवलाय.