पायाच्याच शिरेचा हट्ट कशाला?

‘मानेतल्या नसेचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना ठणकावून सांगा, ठिगळ स्वतःच्या पायाच्या शिरेचंच लावा. कापडाचं किंवा जनावराचं ठिगळ शरीर नाकारतं आणि पुन्हा अर्धांगवायू होतो.’ हा निरोप व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्यापायी कुणी ऑपरेशन लांबवलं तर जिवावर बेतेल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

ठिगळ लागतं कारण कॅरोटिड धमनी, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी, उभी चिरून आत साचलेला ब्लॉकेजचा थर काढल्यावर ती नुसती शिवली, तर अरुंद होऊ शकते. धमनी उलटवून साफ करण्याच्या पद्धतीत ठिगळ लागतच नाही.

‘शरीर नाकारतं.’ बदललेलं मूत्रपिंड नाकारलं जातं ते त्यातल्या परक्या जिवंत पेशींमुळे. डेक्रॉन हे पॉलिएस्टरचं कापड, पीटीएफई हे प्लास्टिक. त्यांत पेशी कुठल्या? गायीच्या हृदयावरणाचा तुकडा ग्लुटाराल्डिहाइडची प्रक्रिया करून वापरतात, त्यातही जिवंत पेशी उरत नाहीत. हृदयाच्या कित्येक कृत्रिम झडपा याच पडद्याच्या असतात. गायीचा तुकडा श्रद्धेमुळे नको असेल तर ती हरकत रास्त आहे. आधी सांगा, दुसरं ठिगळ लावता येतं.

‘स्वतःची शीर सर्वात सुरक्षित.’ हे अर्धसत्य. जंतुसंसर्गापुढे शीर खरंच चांगली टिकते; कृत्रिम ठिगळ पिकलं तर ते काढून बहुधा शीरच लावतात. पण शीर मुळात कमी दाबाची. घोट्याजवळची पातळ शीर लावली, तर धमनीच्या दाबाने ती पहिल्या काही दिवसांत फाटू शकते. मग मान सुजते, श्वासनलिका दबते, रुग्णाला धावपळ करत पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. म्हणून घ्यायचीच तर मांडीतली घेतात. तीही पुढे फुगू शकते, शिवाय मांडीला वेगळी जखम होते. आणि मानेत ब्लॉकेज असलेल्यांच्या हृदयातही ते बरेचदा असतं. उद्या बायपास करायची वेळ आली तर हीच शीर लागते.

‘कापडाने पुन्हा अर्धांगवायू.’ या भीतीला एक धागा आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात अली अबूरहमा यांच्या गटाने २००२ मध्ये २०० शस्त्रक्रियांची तुलना छापली. तेव्हाच्या कोलाजेन लावलेल्या डेक्रॉनच्या गटात ७ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेच्या सुमारास पक्षाघात झाला, पीटीएफईच्या गटात एकालाही नाही. पण पीटीएफईच्या टाक्यांच्या भोकांतून रक्त थांबायला बराच जास्त वेळ लागला. पुढे याच गटाने दोन्हींच्या सुधारित प्रकारांची तुलना केली, तेव्हा निकाल जवळपास सारखे आले. मुळात या तुलनेत दोन्ही ठिगळं कृत्रिमच होती, त्यामुळे पायाच्या शिरेच्या बाजूने तिचा दाखला देताच येत नाही. आजवरच्या अभ्यासांतून कुठलंही एक ठिगळ निर्विवाद सरस ठरलेलं नाही, म्हणूनच युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं ती निवड सर्जनवर सोडतात.

सर्जनला विचारायचंच असेल तर हे विचारा: लक्षणं येऊन गेलेल्या तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना ऑपरेशननंतर ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू आला? हा आकडा ६ टक्क्यांच्या आत हवा. आणि तारीख विचारा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही होऊन गेलं असेल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर ते शक्यतो १४ दिवसांच्या आत व्हायला हवं.