'कोणता फोन घेऊ?' असे कुणी विचारले तर

प्रत्येक घराण्यात एक तरी माणूस असा लागतो, की ज्याला लग्नाच्या मांडवात, बारशाच्या पंगतीत आणि प्रसंगी तेराव्याच्या जेवणातही हळूच बाजूला घेऊन 'कोणता फोन घेऊ?' असे विचारता येते. पूर्वी हा मान पंचांग पाहणाऱ्याला किंवा मोठ्या दवाखान्यात ओळख असणाऱ्याला असे. आता तो आपल्याकडे चालत आला आहे, कारण आपण एकदा कुणाच्या तरी फोनची चुकून चिनी झालेली भाषा पुन्हा इंग्रजी करून दिली होती. असा आयता मान केवळ माहिती नाही एवढ्या क्षुल्लक कारणासाठी नाकारणे हा करंटेपणा होईल. या कामाला लागते ते मत, आणि ते ठाम असावे लागते. माहिती असलीच तर ती अधूनमधून मताच्या आड येते, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

पहिले पथ्य असे, की विचारणाऱ्याला फोन कशासाठी हवा आहे, हे चुकूनही विचारू नये. माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी मला पानावरून उठता उठता गाठले आणि हात धुवायच्या आधीच हा प्रश्न टाकला. मी तेथेच, पुरणाचे हात वर धरून, त्यांना प्रोसेसर चार नॅनोमीटरचा असल्याखेरीज फोनला हात लावू नका, असे बजावले. त्या चिपमध्ये नेमके काय चार नॅनोमीटरचे असते, असे त्यांनी विचारले असते, तर माझी पंचाईत झाली असती, कारण मोजायला जावे तर तसे ठळक काहीच सापडत नाही. तो आकडा आता त्या चिपच्या पिढीचे नाव म्हणून उरला आहे. पण काका असले प्रश्न विचारणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी आदराने मान हलवली. त्यांना नातवाशी व्हिडिओवर बोलायचे होते, बँकेचा ओटीपी चष्मा न शोधता वाचायचा होता आणि घंटी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायला हवी होती, हे मला पुढे मावशीकडून समजले. सुदैवाने तोवर माझे व्याख्यान संपले होते.

आकडे मात्र भरपूर आणि तोंडपाठ असावेत. कॅमेऱ्याविषयी बोलताना '१०८ मेगापिक्सेल' असे संथपणे, प्रत्येक अक्षरावर थांबत म्हणावे. जपमाळेच्या मण्यांमुळे हा आकडा आपल्याकडे आधीच पवित्र असल्याने त्यावर सहसा कुणी शंका घेत नाही. असा कॅमेरा नेहमीच्या वापरात शेजारशेजारचे नऊ नऊ ठिपके एकत्र करून अखेर १२ मेगापिक्सेलचाच फोटो हातात ठेवतो, ही गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी. नऊ ठिपके एक होण्यामागे काही शहाणपण आहे, कमी उजेडात त्याने फोटो निवळतो, हे खरे आहे. परंतु ते सांगत बसले की ऐकणारा '१२चाच घेऊ का मग?' असे विचारतो आणि सगळे मुसळ केरात जाते. शिवाय ज्यांच्यासाठी आपण हा ऊहापोह करतो, त्यांच्या फोनमधले निम्मे फोटो सुप्रभाताच्या गुलाबांचे असतात आणि ते दुसऱ्याच कुणीतरी काढलेले असतात.

बॅटरीच्या बाबतीत परंपरेशी एकनिष्ठ राहावे. नवा फोन आणल्यावर आधी सलग आठ तास चार्जिंगला लावायचा, आणि पुढेही तो पूर्ण मेल्याशिवाय चार्जरला जोडायचा नाही, हा नियम आपल्याला वडिलांकडून आला आहे. तो निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचा होता. आजच्या फोनमधली लिथियम आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जनकांपैकी तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. तिला वारंवार शून्यावर नेणे मानवत नाही आणि वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखात नांदते. पण नोबेल मिळाले म्हणून वडिलांचा शब्द मोडायचा नसतो. तसेच वापरात नसलेली सारी ॲप्स एकेक करून बोटाने वर भिरकावून देण्याचा सकाळ-संध्याकाळचा परिपाठही चालू ठेवावा आणि इतरांना शिकवावा. अँड्रॉइड काय किंवा आयफोन काय, न दिसणारी ॲप्स फोन स्वतःच गोठवून ठेवतो आणि ती हाकलून पुन्हा उघडण्यातच जास्त बॅटरी खर्च होते. असेल. अंगणात सडा घातल्यासारखे जे प्रसन्न वाटते, ते कोणत्या सेटिंगमध्ये मिळते?

येथे थोडे विषयांतर होईल, पण आपल्या पिढीचे तांत्रिक शिक्षणच मुळात फुंकरीने झाले आहे, हे विसरून चालणार नाही. टीव्हीला जोडायच्या त्या व्हिडिओ गेमची पिवळी किंवा काळी कॅसेट, जिच्यावर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे आणि प्रत्यक्षात मारिओ, काँट्रा आणि रणगाड्यांचा खेळ हेच नावे बदलून पुन्हा पुन्हा निघत, ती चालेनाशी झाली की बाहेर काढायची, तिच्या दातांवर बासरी वाजवल्यासारखी फुंकर मारायची आणि परत खुपसायची. चाळीतल्या प्रत्येक मुलाची फुंकर वेगळी होती आणि काहींना त्यासाठी मुद्दाम बोलावणे जाई. फुंकरीतल्या दमटपणाने उलट त्या दातांवर गंज चढतो, असे निन्टेन्डोनेच पुढे बजावले. कॅसेट चालू होई ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. आज आपण 'एकदा बंद करून चालू करून बघा' असे जे गंभीर चेहऱ्याने सांगतो, ती त्याच फुंकरीची सुधारित आवृत्ती होय. फरक एवढाच, की हिचा खरोखरच उपयोग होतो, म्हणून तिला तेवढी प्रतिष्ठा नाही.

आता मतांची दिशा. ती ठरवायला सोपी आहे: आपण ज्या कंपनीच्या फोनचे हप्ते भरत असू, तिचे बरोबर. हप्ता जितका मोठा, तितके मत ठाम. येथे धोका एकच असतो, तो म्हणजे आपली कंपनी आपल्याला न विचारता मत बदलते. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले आणि त्या कृतीसाठी व्यासपीठावरून 'धैर्य' असा शब्द वापरला, तेव्हा सॅमसंगवाल्यांना पुढची तीन वर्षे पुरेल एवढा विनोद मिळाला. बरोबर तीनच वर्षे, कारण २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट १० मधूनही ते भोक गेले. पुढे २०२० साली आयफोन १२च्या खोक्यातून चार्जर नाहीसा झाला, सॅमसंगने समाजमाध्यमांवर चार्जरचे चित्र टाकून टिंगल केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये गॅलक्सी एस २१च्या खोक्यातही चार्जर नव्हता. अशा वेळी गडबडून जाऊ नये. ज्या गोष्टीला काल 'ग्राहकांची लूट' म्हटले, तिला आज 'पर्यावरणाचा विचार' म्हणावे. वाक्य तेच ठेवून कर्ता बदलण्याची ही कला आपल्याकडे राजकारणामुळे सगळ्यांना अवगत आहेच, तेव्हा अधिक सांगत नाही.

संगणकावर मत देणे त्याहून सोपे, कारण तेथे नियम एकच आहे: विंडोजची नवी आवृत्ती टाकाऊ आणि आधीची सोन्यासारखी. २०१२ साली विंडोज ८ ने स्टार्टचे बटण काढले तेव्हा आपण विंडोज ७ साठी गळा काढला. विंडोज १० आपणहून मशीनमध्ये घुसते म्हणून २०१६ मध्ये तिला शिव्या घातल्या, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला कंपनीचा आधार मिळणे थांबले तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे बसून राहिलो. जो पुतण्या अशा प्रसंगी 'विंडोज काढून ती दुसरी फुकटची प्रणाली, लिनक्स, टाका ना' असे म्हणतो, त्याला कौतुकाने चहा द्यावा आणि विषय बदलावा. त्याचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता असते आणि मग प्रिंटर चालत नाही.

खेळांविषयी मात्र दोन वेगवेगळी मते तयार ठेवावीत, एक वडिलधाऱ्यांसमोर मांडायचे आणि दुसरे समवयस्कांत. वडिलधाऱ्यांसमोर पबजी हा शब्द दारूच्या बरोबरीने उच्चारावा. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा आमच्या सोसायटीत दोन घरांतून पेढे आले होते. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असे देशी बारसे करून परतला, अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीनच तास असा नियम सोबत घेऊन आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. इतक्या वेळा पेढे वाटणे कुणाला परवडणार? हे सगळे चालू असताना ज्येष्ठ मंडळी नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' टाळेबंदीपासून रात्री बारापर्यंत खेळत आहेत, याकडे बोट दाखवू नये. तो खेळ नव्हे, तो विरंगुळा आहे. मुलगा खेळतो ते व्यसन, आणि आजोबा सोंगटी मारताना जे ओरडतात ते मन रमवणे.

समवयस्कांत बसल्यावर सूर बदलावा. तेथे मोबाइलवर खेळणाऱ्याला कनिष्ठ मानायचे असते, हातात कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राचा, रिमोट धरणाऱ्याने, आणि त्या कन्सोलवाल्याला कनिष्ठ मानायचे असते, ज्याच्या ग्राफिक्स कार्डाची किंमत दुचाकीएवढी आहे त्याने. खेळ खेळण्याआधी मत तयार असणे हे येथे कुलीनपणाचे लक्षण आहे. 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा ज्यांनी त्याचे नुसते ट्रेलर पाहून त्याला युगप्रवर्तक ठरवले होते, त्यांना तो जुन्या कन्सोलवर अडखळतो, कोसळतो, असे लगेच दिसून आले. प्लेस्टेशन हा कन्सोल बनवणाऱ्या सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्येच परत ठेवला. या घटनेपासून कच्च्या मनाचे लोक 'आधी खेळून पाहू, मग बोलू' असे म्हणू लागले. पक्क्या मनाच्या माणसाने त्याला आधी थोर म्हटले, मग भिकार म्हटले, आणि दुरुस्त्या होऊन तो खरोखर चांगला चालू लागल्यावर 'मी पहिल्यापासून सांगत होतो' असे म्हटले. तिन्ही वेळा त्याने तो विकत घेतला नव्हता.

एवढी साधना झाल्यावर आपला सल्ला कुणी मानला का, हे तपासायला जाऊ नये. मी गेलो. काकांनी माझे व्याख्यान ऐकून घेतल्यावर चौथ्या दिवशी स्टेशनासमोरच्या दुकानातून एक फोन आणला होता. कोणता, ते त्यांनाही सांगता येईना. त्या दुकानातल्या पोऱ्याने कव्हर आणि काच फुकट लावून दिली, अक्षरे मोठी करून दिली, घंटी वाढवून दिली आणि नातवाचे नाव पहिल्या पडद्यावर त्याच्या फोटोसह आणून ठेवले, एवढे मात्र त्यांना सविस्तर आठवत होते. घंटी वाजली तेव्हा स्वयंपाकघरात मावशीच्या हातातला चमचा पडला.

मग त्यांनी माझा फोन पाहायला मागितला. तो चार नॅनोमीटरचा, मी तीन महिने अभ्यास करून आणि बारा हप्ते भरून घेतलेला होता, आणि आदल्याच महिन्यात एक अपडेट झाल्यावर त्याच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली होती. सेवा केंद्रात मुदत संपल्याचे सांगून मला पडदा बदलण्याचा जो खर्च ऐकवला होता, त्यात काकांचा फोन कव्हर आणि काचेसकट आला असता. काकांनी खिशातली छोटी डायरी काढली, माझ्या फोनचे नाव विचारून शुद्धलेखनासह लिहून घेतले आणि त्याच्यापुढे फुली मारली. 'पुढच्या वेळी हा घ्यायचा नाही, एवढे लक्षात राहील,' असे ते म्हणाले.

मी त्यांना शांतपणे समजावून सांगितले, की रेघ हा पडद्याचा प्रश्न असून प्रोसेसरशी तिचा काही संबंध नाही, आणि रेघेच्या डावीकडे व उजवीकडे तो अजूनही अतिशय वेगवान चालतो.