जुन्या मित्रांना नवा माणूस पचत का नाही?

"तू आता पूर्वीसारखी राहिली नाहीस." हे वाक्य मैत्रीत कायम तक्रारीच्या सुरातच ऐकू येतं. खरं तर विशीत होती तशीच बाई चाळिशीतही निघाली, तर तिची काळजी वाटायला हवी. पण नाही. नोकरी बदला, घर बदला, मतं बदला, आपली माणसं चालवून घेतात. स्वभाव बदलला की मात्र "शिंगं फुटली".

प्रत्येक ग्रुपमध्ये कामं वाटलेली असतात. कुणी वाटली, कधी वाटली, कुणालाच आठवत नाही. एक जण हसवणारा, एक भांडणं मिटवणारी, एक कायम उशिरा येणारा, एक दर वर्षी नव्याने प्रेमात पडून रडणारी. माझ्याकडे "हिला काहीही चालतं" हे खातं होतं. कुठे जायचं, कधी जायचं, सगळ्याला माझा होकार गृहीत. पस्तिशीच्या आसपास मी "मला नाही जमणार" म्हणायला लागले. ऑफिसातल्या नव्या लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांना मी तशीच माहीत होते. जुन्या मैत्रिणींनी मात्र काळजीने विचारलं, "घरी काही झालंय का गं?"

माझं सोडा, ते किरकोळ आहे. आमच्यातल्या हसवणाऱ्याचं लग्न मोडलं, तेव्हा त्याने ते ग्रुपमध्ये विनोद करूनच सांगितलं. सगळे हसले. बऱ्याच महिन्यांनी कळलं, की त्याने हे सगळं नीट, रडून, आधी सांगितलं होतं ते पोहायच्या क्लासला नुकत्याच ओळख झालेल्या एका माणसाला. आमच्यातल्या काहींना ते लागलं. "वीस वर्षांचे मित्र आम्ही, आणि हा कोण?" त्यावर तो एवढंच म्हणाला, "तुमच्यासमोर तोंड उघडलं की तुम्ही आधीच हसायच्या तयारीत असता रे."

मला त्याचं शंभर टक्के पटलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं, की नवी माहिती, नव्या संधी बऱ्याचदा जिवलगांकडून नाही, तर नुसत्या ओळखीच्या लोकांकडून येतात. कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊकच असतं. त्याचा मुद्दा नोकऱ्यांसारख्या गोष्टींबद्दल होता, पण मला तो इथेही लागू वाटतो. नवा माणूस व्हायचं तर असा कुणीतरी लागतो, ज्याच्याकडे आपली जुनी फाइल नाही.

गंमत म्हणजे ही फाइल आपण स्वतःचीही बंद करून टाकतो. डॅनियल गिल्बर्ट, टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९,००० हून जास्त लोकांवर अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वय १८ ते ६८. सगळ्या वयाच्या लोकांनी मान्य केलं, की गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो. पण पुढच्या दहांत? फारसं नाही. अठराच्या पोराला असं वाटावं हे समजू शकतं, पण साठीतल्या माणसालाही तसंच वाटतं! म्हणजे मोठं होणं ही गोष्ट आपण प्रत्येक वयात "झाली एकदाची" म्हणून हातावेगळी करतो.

आता दुसरी बाजू. सध्या उलटीच फॅशन आहे. "जे तुमच्या प्रगतीला साथ देत नाहीत त्यांना आयुष्यातून काढून टाका." दर चार पोस्टमागे एक असली पोस्ट दिसते. मला हा सल्ला उर्मट वाटतो. छळणारा, अपमान करणारा माणूस असेल तर जरूर दार लावा, त्यात चर्चा कसली? पण "माझ्या नव्या रूपाला अजून सरावला नाही" हा काही गुन्हा नव्हे. तुम्हाला बदलायला पाच वर्षं लागली, आणि समोरच्याने मात्र एका भेटीत सरावायचं?

शिवाय तोडलेल्याच्या जागी नवं माणूस आणणं तितकं सोपंही नाही. जेफ्री हॉल या संशोधकाने २०१८ मध्ये हिशोब मांडला: नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मैत्रीला सुमारे ९०, आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. त्यातही शेजारी बसून काम केल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. लागतात ते निवांत, बिनकामाचे तास. कॉलेजात असे २०० तास काही आठवड्यांत उडून जायचे. आता पोरं, म्हातारे आई-वडील, हप्ते, पाठदुखी यांतून ते काढायचे कुठून? ज्यांच्याबरोबर ते तास आधीच खर्च झालेत, त्यांना टाकून देणं हा मला तरी निव्वळ तोट्याचा व्यवहार वाटतो.

म्हणून मी एक करते. जुन्या मित्रमैत्रिणी भेटल्या की "आठवतंय का"ने सुरुवात करत नाही. सध्या कशाची चीड येते, कशात मन रमतं, पूर्वी आवडायचं असं काय आता सहन होत नाही, हे विचारते. पहिल्या पाच मिनिटांत जरा अवघडल्यासारखं होतं. मुलाखत घेतेस का, असंही एकीने ऐकवलं. पण त्यातूनच कळलं, की आमचा कायम उशिरा येणारा आता सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो, आणि आम्ही मात्र अजून त्याला अर्धा तास अलीकडची वेळ सांगतोय. बिचारा चिडला होता, आणि बरोबरच चिडला होता.

सगळ्यांशी हे जमलं असं नाही. दोघी-तिघींना जुनीच मी हवी आहे. भांडण नाही, अबोला नाही. वाढदिवसाला मेसेज जातो, येतो. एकीने तर स्पष्टच सांगितलं, "मला तू तशीच आवडायचीस." तिला ते म्हणायचा हक्क आहे. आणि तरीही पुढच्या वेळी ती "हिला काय, चालेल" म्हणाली, तर मी चालणार नाही असंच म्हणणार आहे.