पाळी गेल्यावरची त्वचा आणि ‘चार लिटर पाणी प्या’ हा सल्ला

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. पाळी बंद झाली की शरीरातलं पाणी आटतं, म्हणून त्वचा सुकते, असं त्यात म्हटलंय. मग उपाय: रोज चार लिटर पाणी प्या, त्वचा घट्ट ठेवणाऱ्या कोलेजन या प्रथिनाची पावडर घ्या, रोज स्क्रब करून ‘मेलेली’ त्वचा काढा, घरात सनस्क्रीन लावू नका, त्वचा पातळ होते म्हणून रेटिनॉलला (अ जीवनसत्त्वाचा, सुरकुत्यांवर लावायचा प्रकार) हात लावू नका, आणि हार्मोनचं ‘नैसर्गिक’ क्रीम चेहऱ्याला चोळा. त्वचा सुकते हे खरं. पुढचं बहुतेक सगळं चुकलंय, आणि काही तर चक्क उलटं आहे.

पाण्याचंच आधी घेऊ. पाळी जाताना आटतं ते पाणी नव्हे, इस्ट्रोजेन. याच हार्मोनच्या आधाराने त्वचेत कोलेजन बनतं, हायलुरोनिक ॲसिड ओलावा धरून ठेवतं, तेलग्रंथी काम करतात आणि सगळ्यात वरच्या थरातली सिरॅमाइडसारखी स्निग्धद्रव्यं आतलं पाणी उडू देत नाहीत. इस्ट्रोजेन घसरलं की ही सगळी व्यवस्था ढिली पडते. पाळी गेल्यावरच्या पहिल्या 5 वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलेजन जातं आणि पुढे वर्षाला साधारण 2 टक्के, असा त्वचारोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे दुखणं गळतीचं आहे आणि मेसेज सांगतोय बादलीत आणखी ओता. तहानेपुरतं पाणी प्यावंच. पण जिला पाणी कमी पडतच नाही, तिने वर आणखी दोन लिटर रिचवले तर ते लघवीवाटे जातं, गालावर येत नाही. आधीच रात्री घामाने झोपमोड होत असते, त्यात बाथरूमच्या फेऱ्या वाढतात. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर सरसकट चार लिटरचा सल्ला धोक्याचाच.

गळती बाहेरून बुजवावी लागते. कोमट पाण्याने, थोडक्यात आंघोळ. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. ते दाट हवं. तळहातावर घेतल्यावर बोटांमधून ओघळतं ते लोशन या वयात सहसा पुरत नाही. लेबलवर ग्लिसरीन, सिरॅमाइड, युरिया ही नावं शोधा. सुगंध नसलेलं असेल तर उत्तम. नडग्या, कोपरं आणि टाचांवर साधी पेट्रोलियम जेली पुष्कळ महागड्या डब्यांना मागे टाकते. फक्त मुरुमं येत असतील तर ती चेहऱ्यावर नको. हो, पन्नाशीत मुरुमं येतात. इस्ट्रोजेन उतरतं, पुरुषी हार्मोन्स त्या मानाने वरचढ ठरतात. हनुवटीवर उगवणारे राठ केस त्यातलेच.

रोजचा स्क्रब म्हणजे तर शुद्ध छळ. ज्याला मेसेज ‘मेलेली त्वचा’ म्हणतो, तोच थर पाणी अडवून धरतो. या वयात त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लपणा, बदलतो, ती चिडकी होते; जी वस्तू वीस वर्षं वापरली तीच एके दिवशी झोंबायला लागते. घासून काढलेला तो चमकदार गुलाबीपणा तेज नसतो, जळजळ असते. फेसाळ साबणही बगल, जांघा, पावलं एवढ्यापुरता ठेवावा.

कोलेजन पावडरीबद्दल मी थोडी सावध आहे, कारण तिच्या बाजूने अभ्यास आहेत. पण पोटात गेलेलं कोलेजन इतर प्रथिनांसारखंच पचून तुकड्या-तुकड्यांत मोडतं, आणि त्या तुकड्यांना चेहऱ्याचा पत्ता माहीत नसतो. 2025 मध्ये 23 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. कंपन्यांच्या पैशाने झालेल्या चाचण्यांमध्ये फायदा दिसला. ज्यांत तो पैसा नव्हता त्यांत दिसला नाही. घ्यायची असेल तर घ्या, पण सनस्क्रीनचे पैसे वाचवून नको.

कारण सनस्क्रीन घरातही लागतं, निदान खिडकीशी बसून काम करणाऱ्यांना. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काच बरीच अडवते, यूव्हीए आत येऊ देते. आणि कोलेजन मोडणं, डाग गडद करणं ही कामं यूव्हीए करतं. एसपीएफ 30 किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (दोन्ही किरणं अडवणारं), चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

रेटिनॉलच्या बाबतीत मेसेजने सगळ्यात मोठं नुकसान केलंय. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा सोलवटते, लाल होते, म्हणून ‘पातळ झाली’ असं वाटतं. प्रत्यक्षात वरचा मृत थर तेवढा आवळतो; खालचा जिवंत थर जाड होतो आणि काही महिन्यांत नवं कोलेजन बनायला लागतं. हे ट्रेटिनोइन या जास्त ताकदीच्या औषधाबाबत पक्कं ठाऊक आहे, रेटिनॉल त्याचंच सौम्य भावंड. वाटाण्याएवढा थेंब, आठवड्यातून दोनदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मागोमाग क्रीम. झोंबलं तर अंतर वाढवा. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: सलग 12 महिने पाळी आली नाही तरच ती गेली असं म्हणतात. तोवर दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत.

‘नैसर्गिक’ हार्मोन क्रीम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. खरंच त्यात इस्ट्रोजेन असेल तर ते त्वचेतून रक्तात जाऊ शकतं, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईसाठी ती किरकोळ बाब नाही. नसेल तर पैसे पाण्यात. डॉक्टर गरमीच्या झळांसाठी हार्मोन उपचार देतात, त्याने काहींची त्वचाही सुधारते. पण निव्वळ सुरकुत्यांसाठी ते सुरू करत नाहीत.

आता मेसेजने जे गाळलंय ते. पुरळ काहीच नाही पण अंगभर खाज सुटते, क्रीमने दोन-तीन आठवड्यांत थांबत नाही, तेव्हा थायरॉइड, लोह, साखर, लिव्हर आणि किडनी तपासून घ्यावी लागते. सगळं पाळीच्या माथी मारून चालत नाही. योनीभोवतीचा कोरडेपणा आणि खाज तर बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. तिथे साबण आणि सुगंधी वॉश बंद करावेत. कमी मात्रेचं, त्याच जागी लावायचं इस्ट्रोजेन हा त्यावर नेहमीचा उपचार आहे. आणि तिथली त्वचा पांढुरकी, चकाकती किंवा चिरलेली दिसत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. त्याला वेगळं मलम लागतं आणि कायम लक्षही ठेवावं लागतं, म्हणून आधी डॉक्टरांनी ती जागा प्रत्यक्ष पाहायला हवी.