वास नाही म्हणजे विष नाही? साफ चूक

‘कोठारात एक स्मार्ट नाक (वास ओळखणारा सेन्सर) बसवा. बुरशी आधीच कळते. वास आला नाही तर धान्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) नाही, लॅबचा खर्च वाचला. एकदा लावलं की पाच वर्षं बघायला नको.’ हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. घरातल्याच एकाने तो मला पाठवून ‘मक्याची चाचणी बंद करू का?’ असं विचारलं, तेव्हा गप्प बसवेना.

सगळ्यात घातक वाक्य वासाचं. अफ्लाटॉक्सिनला वास नसतो. त्याच्या बी१ या प्रकाराचा रेणुभार ३१२, म्हणजे रेणू जड. कोठारातल्या तापमानाला ते हवेत उडतच नाही, मग सेन्सर पकडणार काय? त्याला मिळतात ती वाढत्या बुरशीने सोडलेली ऑक्टेनॉल, मिथाइल ब्युटेनॉल अशी बाष्पं. मका शेतात कणसावर असतानाच अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या विष बनवणाऱ्या बुरशीची लागण झाली आणि नंतर तो नीट वाळवला, तर बुरशीची वाढ थांबते, वास निघून जातो आणि विष दाण्यात तसंच राहतं. भाजून-शिजवूनही ते पुरतं जात नाही. उलट याच बुरशीचे काही प्रकार विष बनवतच नाहीत, वास मात्र सोडतात. आणि हे विष साधंसुधं नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारं म्हणून नोंदवलंय.

त्यात ते ढिगात सारखं पसरलेलं नसतं. मोजक्या दाण्यांत भरमसाट, बाकीचे स्वच्छ. म्हणून तर युरोपीय आयोगाच्या २०२४ पर्यंत लागू असलेल्या ४०१/२००६ या नियमाने ५० टनांवरच्या धान्यासाठी १०० ठिकाणांहून थोडं थोडं घेऊन १० किलोचा नमुना करायला सांगितलं. तिथे भिंतीवरची एक डबी काय सांगणार?

बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी वास बदलतो, एवढं मान्य. धान्यातून उष्णता फार हळू सरकते, त्यामुळे कधी कधी तापमापकाच्याही आधी ते कळतं. पण त्यासाठी सेन्सर कोठाराच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत हवा. पंखा १५ मिनिटं चालवा, मग रीडिंग घ्या. जोडीला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ठेवा. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. आतून येणाऱ्या हवेत ६०० ओलांडून चढतच राहिला, तर आत बुरशी किंवा कीड वाढतेय असं धरा.

‘पाच वर्षं बघायला नको’ हे तर सोडूनच द्या. कीटकांच्या गंध-प्रथिनांवरचे बायोसेन्सर उष्णतेत आणि कोरड्या हवेत निकामी होऊ शकतात. टिन ऑक्साइडचे टिकतात, पण दमट हवेत त्यांचं रीडिंग सरकतं, म्हणून आर्द्रता सोबत मोजावीच लागते आणि स्वच्छ हवेतलं रीडिंग अधूनमधून तपासावं लागतं. कीड मारणाऱ्या फॉस्फिन वायूची धुरी द्यायच्या आधी सेन्सर काढून ठेवा, नाहीतर आतलं तांबं गंजतं.

नमुना लॅबला देताना सगळा दळून, नीट मिसळून, मग त्यातला भाग द्या. अख्ख्या दाण्यांची मूठ उचलून दिली तर नेमके विषारी दाणेच बाहेर राहू शकतात.