दोन मनांची ॲग्नेस आणि आमच्या दुकानाची पाटी

साडीला फॉल लावताना हात अडकलेले असतात आणि कान रिकामे. म्हणून ऑडिओबुकाच्या नादी लागले. सध्या टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाचं ‘कार्पे जुग्युलम’ दुसऱ्यांदा ऐकतेय. पहिल्यांदा निम्मे विनोद डोक्यावरून गेले होते. इंग्रजीत बीए केलंय, पण विनोदाला बीए पुरत नाही. तीस सेकंद मागे, परत तीस सेकंद मागे, असं करत एका ब्लाऊजची काजं संपतात आणि धडा तिथंच असतो.

कादंबरी १९९८ची. लँकर नावाचं डोंगरातलं चिमुकलं राज्य, राजाराणीच्या लेकीचं बारसं. राजा सुधारलेल्या विचारांचा, त्यामुळं परमुलखातल्या मॅगपायर नावाच्या रक्तपिपासू घराण्यालाही आमंत्रण देतो. आता व्हॅम्पायरचा जुना नियम असा की बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. इथं तर घरधन्यानंच लेखी बोलावलंय! आणि हे व्हॅम्पायर मॉडर्न. रंगीत कपडे घालतात, उन्हात हिंडतात, पवित्र चिन्हांची भीती मोडावी म्हणून बापानं पोरांना लहानपणापासून ती दाखवून दाखवून तयार केलंय. लसूणसुद्धा खातात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “मग आपल्यात आले तर चटणी-भाकरी खाऊनच जातील की.”

या व्हॅम्पायरांचा नोकर इगोर मात्र वैतागलेला. जुने मालक बरे होते म्हणतो. वाड्यातले पडदे एका हिसक्यात निघावेत असे, म्हणजे सूर्यप्रकाश आत घेऊन गावकऱ्यांनाही जिंकायची संधी. नव्यांना तसली संधीच द्यायची नाही. एस्क्रो म्हणून एक गाव आहे, तिथं लोक रांग लावून स्वतःच रक्त द्यायला उभे राहतात. आरडाओरडा नाही, रात्रीचा पाठलाग नाही, सगळं रीतसर, करार झाल्यासारखं. हसत हसत ऐकत होते, तिथं हातातली सुई थांबली.

नव्या रेकॉर्डिंगमध्ये अभिनेत्री इंदिरा वर्मा वाचते. तळटिपा मात्र बिल नाय या नटाच्या आवाजात येतात, मुख्य गोष्ट थांबवून. लग्नात भटजी मंत्र म्हणत असताना मागून एखादा काका बारीक आवाजात शेरा मारतो ना, तसं. पुस्तकात तळटिपा मी हमखास गाळते, इथं त्यांची वाट बघते.

सगळे ग्रॅनी वेदरवॅक्सचं कौतुक करतात. करावंच, ही लँकरची म्हातारी चेटकीण जबरदस्त आहे. पण मला विचाराल तर आमच्या बेळगाव भागातल्या माणसानं ऐकावी ती ॲग्नेससाठी. ही तरणी चेटकीण, अंगानं जाड, स्वभावानं गरीब. तिच्या आत पर्डिटा नावाची दुसरीच एक बसलीय, फटकळ आणि नाक वर करून बोलणारी. व्हॅम्पायर माणसाच्या मनावर अशी काही साय धरतात की समोरच्याला सगळं गोड वाटायला लागतं, राजासकट. ॲग्नेसवर ते चालत नाही. एक मन झोपवलं की दुसरं जागं होतं.

अगं, ही तर आपली गोष्ट, म्हटलं मी. १ नोव्हेंबर २०१४ला शहराचं नाव बदललं, तेव्हापासून पाटीवर बेळगावी, तोंडात बेळगाव. बाजारात कन्नडमध्ये ‘स्वल्प कम्मी माड्री’, घरात ‘कमी कर की गा’. डोक्यात कायम दोघी नांदतात, आणि दोघींचं पटतंच असं नाही.

मागच्या पावसाळ्यात दुकानात दोघं आले होते. इस्त्रीचे शर्ट, कसलीशी बचतीची योजना. पाटी कन्नडमध्ये, म्हणून बोलणं कन्नडमध्ये, आणि काय गोड बोलणं! दर वाक्याला ‘अक्का’. मी स्टुलं दिली, शेजारून चहा मागवला. फॉर्म पुढ्यात, पेन माझ्या हातात, मान आपोआप हलतेय. तेवढ्यात एकानं दुसऱ्याला हळूच सांगितलं, चक्क मराठीत, “सही होऊ दे, पैसे अडकतात ते नंतर कळू दे.” माझ्यातली पर्डिटा खडबडून उठली. पेन ठेवलं आणि मराठीतच म्हटलं, “चहा संपवा आणि निघा.” त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते! आपलेच लोक हो. दात दाखवत आला असता तर मी बोलावलंच नसतं.

सासूबाईंना मी रोज दुपारी चार वाजता आदल्या दिवसाचा भाग मराठीत सांगते. सुरुवातीला ‘चेटकीण’ शब्दावर अडले. आपल्याकडं या शब्दापायी बायकांना मार खावा लागलाय. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ला आणि इकडं कर्नाटकात २०१७ला कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे. पण लँकरच्या चेटकिणी बाळंतपणं करतात, आजाऱ्याच्या उशाशी बसतात, मेलेल्याला आंघोळ घालतात. सासूबाईंनी सोडवलं, “म्हणजे सुईण म्हण की.”

माझं ॲग्नेसपुराण त्यांना पटत नाही. त्यांचा जीव ग्रॅनीवर. बारशाची तिची पत्रिका एक मॅगपाय पक्षी पळवतो, आणि आपल्याला डावललं असं समजून म्हातारी घर सोडून जाते. मला तो रुसवा जरा जास्तच वाटला होता. सासूबाई उलट माझ्यावरच चढल्या. “नुसती पत्रिका धाडली? हळदकुंकू घेऊन कोण गेलं नाही बोलवायला? बरोबर केलं तिनं.”

काल शेवटाकडं आलो. (ऐकायचं असेल त्यांनी इथं थांबा.) व्हॅम्पायर ग्रॅनीला चावतात. ती काही त्यांच्यासारखी होत नाही, तेच तिच्यासारखे व्हायला लागतात. रक्त नको, चहा पाहिजे, सोबत बिस्किट पाहिजे! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. सासूबाई बिलकूल हसल्या नाहीत. बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, “साखर किती घालतात म्हणे?”