व्हल्चर, पण कितवा?

लहानपणी कॉमिक्स वाचल्याची बढाई भाच्यासमोर मारू नये. मारलीत, तर रोज जेवताना तोंडी परीक्षा ठरलेली. आमचे भाचेराव वरणभाताशेजारी स्पायडरमॅन उघडा ठेवतात आणि सुरू होतात. "मामा, व्हल्चर म्हातारा होता ना? मग हा तरुण कसा?"

व्हल्चर, म्हणजे गिधाड, हा स्पायडरमॅनचा शत्रू; नाव एकच, माणसं बदलत गेलेली. आता वंशावळ सांगणं आलं. मूळ व्हल्चर एड्रियन टूम्स, १९६३च्या अंकातला. टकला, खडूस, स्वतः बनवलेल्या पंखांवर उडणारा चोर. पुढे तुरुंगात हा मरायला टेकला आणि जादा पंख कुठे लपवलेत ते त्यानं ब्लॅकी ड्रॅगो नावाच्या कैद्याला सांगून टाकलं. ड्रॅगोनं तुरुंग फोडला, १९६७ मध्ये पंख चढवले आणि नावही लावलं. म्हातारा मात्र मेलाच नाही! वर्षभरानं त्यानं ड्रॅगोला तुरुंगातून सोडवून आणलं. कशासाठी? तर खरा व्हल्चर कोण, हे बडवून सिद्ध करायला. सातबाऱ्यावरून पेटलेले काका-पुतणेसुद्धा एकमेकांचा जामीन भरत नाहीत हो.

"मग तिसरा?" तिसरा क्लिफ्टन शॅलट, १९७३. जीवशास्त्राचा प्राध्यापक. त्यानं पंखबिंख शोधले नाहीत, प्रयोग करून थेट गिधाडच झाला. ताई कॉलेजात शिकवते. ती पोळी वाढता वाढता म्हणाली, "पेपर तपासायला बसवलं असेल."

इथं थांबायचं, तर पोरानं वंडर वुमन काढली. तिची शत्रू चीता! पहिली १९४३ची प्रिसिला रिच. १९८० मध्ये तिची भाची डेबोरा. १९८७ मध्ये बार्बरा मिनर्व्हा, पुरातत्त्ववाली. २००१ मध्ये तिच्याकडून ते पद सेबॅस्टियन बॅलेस्टेरोस नावाच्या उद्योगपतीनं पटकावलं. म्हणजे चौथी चीता हा पुरुष. भात घशात अडकला तो इथं.

त्यातल्या त्यात मला प्रिसिलाकडून भाचीकडे गेलेली चीता बरी वाटते. घरातली गोष्ट घरात राहिली. नियम दाखवला तरच मनुष्यप्राणी शांत बसतो, म्हणून मी भाच्याला म्हटलं, "बघ, वारसाहक्क." तर म्हणे, "पण मामा, तिचं डोकं फिरवून तिला चीता केली कोब्रानं. हा कोब्रा कोण? आणि कोब्रा किती?"

खरं उत्तर दोन. एका गुन्हेगारी पंथाचे म्होरके, जुळे भाऊ. एक मेल्यावर दुसरा गादीवर.

"एकच," मी म्हटलं आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.